शब्दांची पारख : ‘मिक्श्चर’, ‘ब्लेंड’ आणि ‘हॉचपॉट’

‘मिक्श्चर’, ‘ब्लेंड’, ‘अलॉय’ हे शब्द कोशांत पाहूं गेल्यास तिहींपुढें बहुधा ‘मिश्रण’ हाच अर्थ आढळतो. तेवढ्यानें विद्यार्थ्याचें काम भागतें. परंतु जाणता इंग्रज लेखक एकाच्या जागीं दुसरा चालवून घेत नाहीं.

‘मिक्श्चर’ म्हणजे नुसतें एकत्र येणें. औषधाच्या बाटलीवर ‘हलवून घ्यावें’ असें लिहितात तें त्यामुळेंच. बाटली स्वस्थ राहिली कीं औषध तळाशीं बसतें. ‘ब्लेंड’ व्हावयाचें तर घटकांनीं आपलें वेगळेपण सोडलें पाहिजे. आसाम व दार्जिलिंग येथील पत्ती मिसळल्यावर पेल्यांतून एकच एक निवडून पितां येत नाहीं. ‘अलॉय’ धातूंचा, त्याचा संबंध सोन्यांतील हिणाशीं जुना असल्यामुळें निर्भेळ आनंदाला इंग्रजींत ‘अनअलॉइड’ म्हणतात.

‘हॉचपॉट’ची हकीकत मात्र ऐकण्यासारखी आहे. हा शब्द फ्रेंचांच्या स्वयंपाकघरांतला. भांडें हलविणें हा त्याचा मूळ अर्थ. त्याचें भावंड ‘हॉचपॉच’ आपल्या खिचडीप्रमाणें गोंधळाच्या अर्थानें फिरूं लागलें. हा स्वतः मात्र कायद्यांत शिरला! बापानें हयातींत एखाद्या मुलास दिलेली रक्कम वाटणीच्या वेळीं पुन्हा हिशेबांत धरणें, याला इंग्लंडांत तें नांव पडलें. आमच्या न्यायालयांनीं एकत्र कुटुंबाचे वाद सोडवितांना तो शब्द उचलला, आणि जोडीला ‘ब्लेंडिंग’ही घेतला. सहदायादानें, म्हणजे जन्मानें हिस्सा मिळालेल्या भागीदारानें, स्वकष्टार्जित मिळकत आपला हक्क सोडून समाईकांत टाकली, कीं ती ‘ब्लेंड’ झाली. मग ती एकट्याची राहत नाहीं. परंतु थोरल्यानें पगार घरखर्चास लावला, धाकट्यांस आपल्या घरांत राहूं दिलें, एवढ्यानें तसें होत नाहीं. हक्क सोडण्याचा हेतु स्पष्ट दिसला पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६१ व १९६८ सालच्या निकालांत म्हटलें आहे. औदार्य निराळें, हक्कत्याग निराळा. कोर्टाची पायरी चढणारीं भावंडें बहुधा येथेंच अडतात; एकाला जें ‘मिक्श्चर’ वाटतें तें दुसऱ्याला ‘ब्लेंड’!

स्त्री सहदायाद नसल्यामुळें तिला असें ‘ब्लेंडिंग’ करतां येत नाहीं, असें त्याच न्यायालयानें १९७७ सालीं ठरविलें. २००५ च्या दुरुस्तीनें मुलगी माहेरीं सहदायाद झाली; सून सासरीं अद्याप नाहीं. तिनें आपली मिळकत सासरच्या कुटुंबास दिली, तर कायदा तिला देणगी म्हणतो.