सहरी रांधणारीही रोजेदारच

मुली शिकल्या, कमावू लागल्या, म्हणून संसार टिकत नाहीत, अशी तक्रार आज सर्वच समाजांत ऐकू येते. रमजानचा दहावा रोजा हा परंपरेनुसार हजरत खदीजा यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी तरी ही तक्रार तपासून पाहावी.

खदीजा मक्केतील नामांकित व्यापारी होत्या. हजरत मुहंमद पैगंबर (स.) त्यांचा माल घेऊन सीरियाला गेले होते. त्यांची सचोटी पाहून विवाहाचा प्रस्ताव खदीजांनीच पाठवला. हा संसार सुमारे 25 वर्षांचा. त्या असेपर्यंत पैगंबरांनी दुसरा विवाह केला नाही. त्यांच्या पश्चातही घरी बकरी कापली की खदीजांच्या मैत्रिणींकडे वाटा जाई.

इस्लाममध्ये निकाह हा करार आहे आणि तो मोडायची वाटही आहे. म्हणजे संसार धाकाने नव्हे, एकमेकांची कदर केल्याने टिकतो. पैगंबर घरकामात हातभार लावत, असे हदीस सांगते. पहाटे तीनला उठून सहरी रांधणारी बाईही रोजेदारच असते. इफ्तारची भजी तळताना तिचाही घसा कोरडा असतो. रोजा संयम शिकवतो. त्याची पहिली परीक्षा घरातच होते.