चालकाविना गाडी, मग कर्ता कोण?

चिंचोटी फाट्यावर सूर्य कलू लागला की मुंबई–अहमदाबाद महामार्गावरच्या मालमोटारी कामण-भिवंडीच्या रस्त्याकडे वळू लागतात. घराघरांत चौविहार आटोपतो, गाळ्यांची शटरे खाली येतात, दिवसाचा हिशेब मिटतो. त्यानंतर घरातील प्रत्येक जण आपापला मोबाइल घेऊन बसतो. आजोबा प्रवचन ऐकतात, नातू अंतराळयाने पाहतो. ‘यातून काय मिळते?’ असे आजोबा विचारतात. प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर मात्र पूर्वीपेक्षा बदललेले आहे.

१९९८ मध्ये दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ आली, तेव्हा विज्ञानकथेची मालिका हा दुर्मिळ योग असे. अंतराळात पळालेल्या गुन्हेगारांचा पाठलाग सारे घर एकाच संचासमोर बसून पाही. आज त्याच कथाप्रकाराच्या अनेक शाखा झाल्या आहेत. ‘डार्क’ ही जर्मन मालिका एका गावातील चार कुटुंबांच्या पिढ्या काळाच्या फेऱ्यात गुंतवते. ‘ब्लॅक मिरर’ यंत्रांच्या आहारी गेलेल्या माणसाला आरसा दाखवते. यान, शस्त्र आणि परग्रह मागे पडले. माणसाचे आचरण पुढे आले.

मराठी वाचकाला ही वाट अपरिचित नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. नागपूरच्या आरती कडव यांच्या ‘कार्गो’ या चित्रपटात (२०२०) ‘पुष्पक’ नावाच्या यानावर मृत माणसे येतात. त्यांच्याजवळच्या वस्तू काढून घेतल्या जातात, जखमा भरल्या जातात, स्मृती पुसली जाते आणि पुनर्जन्मासाठी त्यांची पाठवणी होते. आयुष्यभर जमवलेले सारे यानातच राहते. परिग्रहाचा हा धडा एखादा नातू पडद्यावर पाहत असेल, तर आजोबांनी शेजारी बसायला हरकत नसावी.

२०२१ मधील ‘ओके कॉम्प्युटर’ ही मालिका याहून अवघड प्रश्न विचारते. २०३१ सालची कथा. चालकाविना धावणारी मोटार एका माणसाचा जीव घेते. दोष कोणाचा? यंत्राचा, ते घडवणाऱ्याचा, की त्याला आज्ञा देणाऱ्याचा? पाठशाळेत शिकलेल्या मुलाला करणे, करविणे आणि अनुमोदन देणे हे तीन भेद ठाऊक असतात. यंत्राला हात नाहीत म्हणून माणसाचे हात निर्दोष ठरत नाहीत, हे तो स्वतःच सांगू शकेल. त्याला कोणीतरी विचारले पाहिजे, इतकेच.

वैविध्याबरोबर हिंसा आणि अश्लीलताही घरात शिरतात, हे नाकारता येत नाही. २०२१ च्या नियमांनुसार या मंचांवरील कार्यक्रमांना वयोगटाची श्रेणी द्यावी लागते आणि तेरा वर्षांवरील श्रेणींसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय असते. ती वापरावी. पण कुलूप फक्त दार अडवते. काय पाहावे आणि पाहिलेल्याचा अर्थ काय, हे शिकवत नाही. तो विवेक संवादातून येतो.

आठवड्यातून एक भाग सर्वांनी एकत्र पाहावा आणि संपल्यावर एकच प्रश्न विचारावा: यात कर्ता कोण? फाट्यावरच्या मालमोटारींना आज चालक आहेत. उद्या नसतील, तेव्हा माल पाठवणाऱ्या पेढीवर आजचा नातू बसलेला असेल. त्याचे उत्तर आजच तयार होत आहे.