विश्लेषण: क्युबातला 'नंबर दोन' पैलवान चिलीसाठी ऑलिम्पिक पदक कसं जिंकला?

६ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमधल्या कुस्तीचा एक व्हिडिओ त्या रात्री जगभर फिरला. क्युबाचा मिहाइन लोपेझ मॅटच्या मधोमध बसला, पायातले बूट काढले, तिथेच ठेवले आणि निघून गेला. बूट मॅटवर सोडून जाणं म्हणजे कुस्तीत निवृत्तीची घोषणा. लोपेझ ४२ वर्षांचा व्हायला तेव्हा दोन आठवडे बाकी होते आणि त्याने नुकतंच सलग पाचवं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं होतं. एकाच वैयक्तिक प्रकारात सलग पाच सुवर्ण जिंकणारा तो जगातला पहिला खेळाडू ठरला.

पण त्या फायनलमध्ये ०-६ असा हरलेला पैलवान कोण होता? त्याच्या अंगावर चिलीची जर्सी होती. नाव यास्मानी अकोस्टा. त्याचा जन्म मात्र क्युबाचा, मातान्सास प्रांतातला. आणि क्युबाच्या राष्ट्रीय संघात तो याच लोपेझचा सहकारी होता.

मग तो चिलीत कसा पोहोचला? आणि त्याला देश का सोडावा लागला?

एक देश, एक पैलवान

याचं उत्तर कुस्तीच्या एका साध्या नियमात आहे. ऑलिम्पिकमध्ये धावण्याच्या शर्यतीत एका देशाचे तीन धावपटू उतरू शकतात. कुस्तीत मात्र प्रत्येक वजनगटात एका देशाचा एकच पैलवान. पॅरिसमध्ये प्रत्येक गटात जगभरातून फक्त १६ जण होते. जागतिक स्पर्धेतही एका वजनगटात देशाचा एकच पैलवान खेळतो.

म्हणजे तुम्ही जगात दुसऱ्या क्रमांकाचे असाल, पण जगातला पहिला तुमच्याच देशात असेल, तर तुम्ही ऑलिम्पिक घरी बसून बघायचं.

हा पेच आपल्यालाही नवा नाही. २०१६ मध्ये ७४ किलो गटात भारताची एकच जागा होती आणि दावेदार दोन. 'महाराष्ट्र केसरी'ची गदा तीनदा उचललेल्या नरसिंग यादवने ती जागा मिळवून दिली होती, तर दोन ऑलिम्पिक पदकं नावावर असलेला सुशीलकुमार निवड चाचणी मागत होता. प्रकरण थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेलं होतं.

अकोस्टाची अडचण याहून मोठी होती. तो ग्रीको-रोमन प्रकारात सर्वांत वरच्या वजनगटात खेळतो. या प्रकारात कमरेखाली पकड घेता येत नाही, पायाचा वापर करता येत नाही. इथे वजन कमी करून दुसऱ्या गटात सरकण्याची सोयही फारशी नसते. १३० किलोच्या गटातून खालच्या ऑलिम्पिक गटात जायचं तर थेट ९७ किलोवर यावं लागतं. आणि क्युबात त्याच्या वाटेत उभा होता लोपेझ, ज्याने २००८ पासून ऑलिम्पिक सुवर्ण सोडलंच नव्हतं.

२०१५: सँटियागोहून परत न जाण्याचा निर्णय

२०१५ मध्ये पॅन अमेरिकन कुस्ती स्पर्धा चिलीची राजधानी सँटियागोमध्ये झाली. अकोस्टा क्युबाच्या पथकासोबत तिथे आला. स्पर्धा संपली, पथक परत गेलं, अकोस्टा मागे थांबला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण याचा हिशेब मोठा होता. परदेशात गेलेल्या सरकारी पथकातून जे क्युबन पळून जातात, त्यांना साधारण आठ वर्षं मायदेशात पाऊल ठेवू दिलं जात नाही. म्हणजे घर, माणसं, आखाडा सगळं एका निर्णयात मागे टाकायचं. आणि समोर होता तो कुस्तीची फारशी परंपरा नसलेला देश. त्याच्या वजनाच्या पैलवानाला रोज सरावाला तितकाच जड जोडीदार लागतो. चिलीत असे जोडीदार शोधूनही मिळणं कठीण.

पोट भरण्यासाठी अकोस्टाने सुरक्षारक्षकाची नोकरी केली. जगातल्या तगड्या कुस्ती संघांपैकी एकात वाढलेला पैलवान पहारा देत होता आणि उरलेल्या वेळात सराव करत होता.

पुढे चिलीने त्याला नागरिकत्व दिलं. २०१७ मध्ये त्याने जागतिक स्पर्धेत चिलीसाठी कांस्यपदक जिंकलं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तो पाचवा आला, म्हणजे पदक अगदी एका कुस्तीने हुकलं. आणि मग पॅरिस. वयाच्या ३६ व्या वर्षी रौप्य. कुस्तीत चिलीचं हे पहिलंच ऑलिम्पिक पदक. २००८ नंतर लंडन, रिओ, टोकियो अशा तीन ऑलिम्पिकमधून चिली रिकाम्या हाताने परतला होता. पॅरिसमध्ये त्याला दोनच पदकं मिळाली, त्यातलं एक या स्थलांतरिताचं.

तो थांबला असता तर?

'थोडा धीर धरला असता तर क्युबातच संधी मिळाली असती' असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर ऑस्कर पिनोच्या कारकिर्दीत आहे.

पिनोही क्युबाचा, त्याच वजनगटातला. तो देश सोडून गेला नाही. २०१९ मध्ये त्याने जागतिक स्पर्धेत रौप्य जिंकलं, म्हणजे त्या वर्षी जगात दुसरा. पण टोकियोला गेला लोपेझ. त्यानंतर लोपेझ जवळपास तीन वर्षं स्पर्धांपासून लांब राहिला, तरी पॅरिसलाही तोच गेला आणि जिंकला. क्युबाची निवड चुकली असं म्हणता येत नाही, सुवर्ण आलंच. पण या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये पिनोला जागा मिळाली नाही.

अकोस्टा थांबला असता, तर बहुधा त्याची गोष्टही अशीच झाली असती.

ही गद्दारी की विकत घेतलेलं पदक?

देश बदलणाऱ्या खेळाडूंवर सोशल मीडियावर दोन शिक्के लगेच बसतात: मायदेशात 'गद्दार' आणि बाहेर 'भाड्याचा खेळाडू'. पण सगळी प्रकरणं एका मापाने मोजता येत नाहीत.

पॅरिसमध्येच बहरीनसाठी अहमद ताजुद्दिनोव्हने आणि बल्गेरियासाठी मागोमेद रामाझानोव्हने सुवर्ण जिंकलं. दोघेही मूळचे रशियातल्या दागेस्तानचे. तिथे चांगले पैलवान इतके आहेत की देशांतर्गत निवड चाचणीच जागतिक स्पर्धेसारखी असते. दुसऱ्या टोकाला इराण सोडून आलेले आणि निर्वासितांच्या संघातून खेळलेले पैलवान होते. त्यांना खेळायला देशच नव्हता. अकोस्टा या दोन्हींच्या मधला. त्याला कुणी करार देऊन बोलावलं नव्हतं. तो स्वतः थांबला आणि आधी नोकरी शोधली.

मनमानी देशबदल रोखायला नियमही आहेत. ऑलिम्पिक सनदेनुसार, एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूने नागरिकत्व बदललं तर नव्या देशाकडून ऑलिम्पिकमध्ये उतरण्याआधी तीन वर्षं जावी लागतात. संबंधित संघटनांनी संमती दिली तरच यात सूट मिळते.

क्युबाची बाजूही समजून घ्यायला हवी. तिथे लहान वयात मुलं हेरून सरकारी क्रीडाशाळांत फुकट तयार केली जातात. गरीब देश वर्षानुवर्षं खर्च करतो आणि पदक दुसऱ्याच्या खात्यात जमा होतं. ही तक्रार खोटी नाही. पण ज्याला आपण संधी देऊ शकत नाही, त्याला धरून ठेवण्याचा हक्क देशाला किती, हा प्रश्न उरतोच.

चिलीत हा प्रश्न आज का महत्त्वाचा?

गेल्या काही वर्षांत चिलीत व्हेनेझुएला, हैती अशा देशांतून मोठ्या संख्येने लोक आले. त्यावरून तिथलं राजकारण ढवळून निघालं. डिसेंबर २०२५ मध्ये होसे अंतोनियो कास्त राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले, तेव्हा कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना देशाबाहेर काढणं हे त्यांच्या प्रचारातलं ठळक आश्वासन होतं.

प्रत्येक देशाला आपल्या सीमेचे नियम ठरवायचा अधिकार आहे. पण अकोस्टाची गोष्ट एक गोष्ट लक्षात आणून देते. २०१५ मध्ये सँटियागोत मागे राहिला तेव्हा तो कुणाचा हिरो नव्हता. परत न गेलेला एक परदेशी माणूस, मिळेल ती नोकरी करणारा. पदक यायला नऊ वर्षं लागली. पदक आल्यावर 'आपला' म्हणणं सोपं असतं. त्याआधीच्या नऊ वर्षांत कुणीतरी त्याला तालमीत जागा दिली, कुणीतरी कामावर ठेवलं, कुणीतरी त्याच्या कागदावर सही केली.

पॅरिसच्या त्या व्हिडिओत जग लोपेझचे बूट बघत होतं, आणि ते योग्यच होतं. पण त्याच मॅटवर एका मोठ्या सावलीतून बाहेर पडलेला माणूस उभा होता. जुन्या सहकाऱ्यासमोर तो त्याही दिवशी दुसराच आला. फरक इतकाच की या वेळी तो क्युबात नाही, जगात दुसरा होता.