व्याज नको, पण बचत हवीच

आमच्या समाजातील तरुण कष्टाला मागे नाही, हे बाजारात वावरणारा कोणीही मान्य करील. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर उभा राहणारा कारागीर असो, कापडाच्या दुकानात थान उलगडून दाखवणारा मुलगा असो की हातगाडीवर तयार कपडे विकणारा असो, तो सकाळपासून रात्रीपर्यंत राबतो. पण सुताचा भाव चढला, माल उठेनासा झाला आणि कारखाना पंधरा दिवस बंद पडला की याच तरुणाला कर्जासाठी हात पसरावा लागतो. पूर्वी त्यासाठी सावकाराच्या दारात जावे लागे. आता मोबाईलवरच कर्ज मिळते आणि ते किती महाग पडले, हे हप्ते सुरू झाल्यावर कळते.

बचतीविषयी आमच्यात एक चुकीची समजूत घर करून बसली आहे. बँकेत व्याज आहे म्हणून तिथे पैसा ठेवायचा नाही, आणि ठेवायचा नाही म्हणून उरवायचाही नाही! याचा परिणाम काय होतो? जो व्याज घ्यायला घाबरतो, तोच अडचणीच्या वेळी व्याज देऊ लागतो. इस्लाममध्ये व्याज घेणे जसे हराम, तसेच देणेही. म्हणजे व्याजापासून दूर राहण्याचा खरा मार्ग गाठीला चार पैसे ठेवण्यातूनच जातो.

काही जण तवक्कुलचे नाव पुढे करतात. त्यांनी सूरह यूसुफ पुन्हा वाचावी. सुकाळाच्या सात वर्षांत धान्य राखून ठेवा आणि दुष्काळाच्या सात वर्षांत ते उपयोगी आणा, ही योजना एका पैगंबरानेच सांगितली होती. अल्लाहवर भरवसा ठेवणे आणि उद्याची तजवीज करणे यांत विरोध नाही.

आता व्यवहाराचे बोलू. दुकानावर नवा बसलेला मुलगा सर्वांत आधी इथे फसतो की गल्ल्यातली रक्कम त्याला आपली कमाई वाटते. समजा, दिवसभरात ५,००० रुपयांची विक्री झाली आणि मालाची खरेदी ४,००० रुपयांची होती. उरले १,०००. त्यातून भाडे, वीजबिल, नोकराचा पगार आणि हमाली वजा केल्यावर जे राहील, तेवढेच घरी नेण्याजोगे. पूर्वी गल्ला आणि खिसा निदान वेगळे होते. आता मोबाईलवर येणारे पैसे एकाच खात्यात जमतात आणि त्याच खात्यातून घरचा किराणा व मित्रांचा चहा-नाश्ताही जातो. म्हणून दुकानाचे खाते वेगळे व घरचे वेगळे ठेवा आणि घरी ठरलेली रक्कमच न्या. रोजची जमा-नावे वहीत लिहा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश तर पवित्र कुरआनातच आहे (सूरह बकरा, आयत २८२). अशी वही असेल तर जकातीचा हिशेबही सोपा होतो. विक्रीसाठी असलेला माल आणि येणे रक्कम किती, हे ठाऊक नसेल तर अडीच टक्के काढणार कशाचे?

आमच्या धंद्याची आणखी एक अडचण आहे. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. रमजानची गिऱ्हाईकी कधी लगीनसराईला लागून येते, तर कधी भर पावसात. दुकानाचे भाडे आणि मुलांची फी मात्र आपल्या ठरल्या वेळी द्यावीच लागते. सीझनच्या कमाईतून मंदीच्या निदान तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढल्याशिवाय नवा मोबाईल वा मोटारसायकल घेऊ नये, असे आमचे मत आहे.

हप्त्याची वस्तू घेताना एक गुणाकार जरूर करावा. २०,००० रुपयांचा मोबाईल दरमहा १,९०० रुपयांच्या बारा हप्त्यांनी २२,८०० रुपयांना पडतो. हेच रोज ५० रुपये बाजूला टाकले, तर कामाच्या ३०० दिवसांत १५,००० रुपये जमतात.

पैसा ठेवायचा कुठे? बँकेच्या चालू खात्यावर सहसा व्याज नसते. बचत खाते असेल तर व्याजाची रक्कम स्वतः न वापरता, सवाबची नियत न ठेवता गरजूंना द्यावी, असा सल्ला अनेक उलेमा देतात. बँकेतील ठेवीला २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ओळखीच्या लोकांची, चिठ्ठी टाकून चालणारी भिशीही चांगली, पण तिचा हिशेब लेखी हवा. जिथे बोली लावून रक्कम कमी घेतली जाते, त्या भिशीपासून दूर राहावे. आणि ‘हलाल नफा’ म्हणून दरमहा घसघशीत रक्कम देऊ करणाऱ्यापासून तर फारच सावध राहावे. बेंगळुरूची आय.एम.ए. २०१९ साली कोसळली तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अडकली. धंद्यात कधी नफा तर कधी तोटा होतो, हे जाणणाऱ्या व्यापाऱ्याने तरी दरमहा न चुकता मिळणाऱ्या नफ्यावर विश्वास कसा ठेवावा?

शेवटी वडीलधाऱ्यांना एक विनंती. आपण मुलांना मालाची पारख शिकवतो, गिऱ्हाईकाशी बोलायला शिकवतो, पण वही मात्र आपल्याच हाताखाली ठेवतो. मग आपल्या माघारी येणे किती आणि देणे किती, हे त्यांना बाहेरच्यांकडून कळते. मुलगा गल्ल्यावर बसू लागला की वहीदेखील त्याच्या हाती द्या. मुलींनाही हिशेब शिकवा, कारण घरखर्चाचा मेळ बहुतेक घरांत त्याच घालतात. पहिल्या पगारातून घरी मिठाई जरूर यावी, पण त्याच दिवशी बचतीची पहिली रक्कमही बाजूला पडावी. रक्कम लहान असली तरी चालेल. सवय जडली तर मंदीच्या दिवसांत आमचा तरुण कोणाच्या व्याजाखाली दबणार नाही, इन्शाअल्लाह.