नेमबाजीचा सोबती

शेजारच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. तेव्हा बिद्रीच्या मुलांसही नेमबाजीची ओढ लागावी, यात नवल नाही. मात्र सरावास सोबती कोण, हे वडीलधाऱ्यांनी अवश्य पाहावे. उत्तम नेम हीच त्याची कसोटी नव्हे. रिकामी बंदूकही भरलेलीच मानून जो नळी कोणाकडे वळू देत नाही, बार काढीपर्यंत चापास बोट लावीत नाही, आणि थांबण्याची आज्ञा होताच साधलेला नेमही सोडतो, तोच सोबती आम्ही योग्य समजतो. थट्टेने नळी रोखणारा घरचाच भाऊ असला, तरी त्याच्याबरोबर मुलांस धाडू नये. येथे नात्याची भीड धरणे जिवावर बेतू शकते.