मालेगावला हसलात, आता जळकोटचं बघा

गावातच सिनेमे करणाऱ्या मालेगावच्या नासिर शेखची गोष्ट रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’मुळं 2025 मध्ये थेटरात आली. चांगली आहे. पण मला विचाराल तर आधी फैजा अहमद खान यांचा 2008 चा माहितीपट ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ बघा. त्यात खरी माणसं आहेत. व्हिडिओ पार्लर चालवलेला नासिर, यंत्रमागावर राबणारा काडीपैलवान शफीक आणि त्या शफीकला अंगरखा चढवून केलेला मालेगावचा सुपरमॅन. सायकलवर बसून ट्रॉली शॉट, बैलगाडीची क्रेन. कॅमेरा पाण्यात पडतो तेव्हा बघणारा पोट धरून हसतो.

त्या हसण्यात एक गोष्ट निसटते. जळकोटला माझा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचं शूटिंग हा धंदा. चालत्या वरातीत हातातला कॅमेरा किती हलतो ते मला ठाऊक आहे. चालत्या माणसाबरोबर कॅमेरा कसा सरकला पाहिजे हे ज्याला कळलं आणि त्यासाठी ज्यानं सायकल काढली, त्याला सिनेमा कळलाय. रूळ घ्यायला पैसे नाहीत, एवढंच.

आपल्याकडं उलटं झालंय. ड्रोन भाड्यानं मिळतो, कॅमेरा हलू न देणारा गिम्बल मिळतो, बरा कॅमेरा तर पोरांच्या खिशातच आहे. इथल्या पोरांनी मागच्या सुगीत एक शॉर्ट फिल्म केली. चिंचेखाली बाप लेकाला विचारतो, ‘शेत इकून कुटं जातूस?’ तेवढ्यात शेजारच्या रानात सोयाबीनची रास सुरू झाली. मळणी यंत्र थांबेस्तोवर दिवस कलला. त्यामुळं बाप भर दुपारी विचारतो आणि लेक तिन्हीसांजेला उत्तर देतो. व्हॉट्सॲपवर तेवढाच तुकडा गावभर फिरला. पण प्रश्न विचारण्याआधी त्या बापानं धोतराच्या सोग्यानं विळा पुसला, सावकाश, दोन्ही बाजूंनी. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नटांच्या कामात असं क्वचित दिसतं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

नासिरला प्रेक्षक होता. मालेगावात शुक्रवारी माग बंद, माणसं सिनेमाला. आपल्याच गल्लीतला गडी पडद्यावर बघायला लोक दाटीनं बसले, म्हणून पुढचा सिनेमा करायची हिंमत आली. दादासाहेब फाळक्यांचंही तेच. 1912 मध्ये लंडनहून विद्या घेऊन आल्यावर त्यांनी आधी रोपट्याच्या वाढीची छोटी फिल्म लोकांना दाखवली, मग भांडवल उभं राहिलं. ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहातले अण्णा साळुंखे उभे राहिले. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त हे बघताना हसू येतं. पण 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तिकीट काढून माणसं बसली, म्हणून ती धडपड पुढं चालली.

आमच्या पोरांना माणसं मिळत नाहीत, व्ह्यूज मिळतात. अंगठा पुढं सरकतो आणि का सरकला ते कळत नाही. समोर माणसं बसली की कळतं. कंटाळा आला की खोकला सुरू होतो, बाया लेकरं घेऊन उठतात. भावकीतला पोरगा म्हणून नुसत्या टाळ्या वाजवल्या तरी त्याचं नुकसानच. शेवटपर्यंत बघा आणि कुठं चुकलं ते तोंडावर सांगा.

उदगीरला 2022 मध्ये साहित्य संमेलनाचा एवढा मोठा मांडव पडला. मग जळकोटला सिनेमाचा एक पडदा लागायला हरकत कसली? गणपतीत एका रात्रीचा डीजे बंद ठेवा. नगरपंचायतीनं पटांगण द्यावं. लग्नात लावतो ती एलईडी वॉल मी आणतो, भाडं नको. उदगीर, मुखेड, कंधारच्या पोरांनीही आपापली फिल्म आणावी. दिग्दर्शकानं मात्र पडद्याकडं पाठ करून लोकांची तोंडं बघत बसावं. आणि येण्याआधी हेडफोन लावून आवाज एकदा नीट ऐकावा. मळणी यंत्राचा खडखडाट मोठ्या स्पीकरवर फार वाढतो.