काठावरची घरे, पाण्याखालची मुळे

भंडारदऱ्याच्या काठी एखाद्या जुन्या घराचा इतिहास शोधणाऱ्याची वाट सातबारा-फेरफारांवरून मोडी नोंदींपर्यंत जाते, आणि बहुधा तेथेच खुंटते. घर काठावर असते. घराण्याचे मूळ कित्येकदा पाण्याखाली.

प्रवरेवरील हे धरण १९१० साली आरंभिले गेले व १९२६ साली पुरे झाले. त्याला गव्हर्नर विल्सन यांचे नाव मिळाले. खालच्या मुलखात ऊस पिकला. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांची नावे मात्र भूसंपादनाच्या दप्तरांतच शोधावी लागतात. योगायोग असा की, त्याच १९१० साली राजवाड्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. वाड्यांतील रुमालांना त्यामुळे वाचक लाभले; डोंगरातील कौलारू घरांच्या वाट्याला ते भाग्य क्वचितच आले.

हा अन्याय आजही दूर करता येईल. महसूल खात्याने ही दप्तरे जाणकारांकडून बालबोधीत उतरवून अकोल्याच्या तहसील कचेरीत सर्वांस खुली करावीत. वृद्धांच्या आठवणीही वेळीच टिपून घ्याव्यात. कागद पुन्हा वाचता येतो. माणूस गेल्यावर त्याला विचारता येत नाही. ज्यांनी घर दिले, त्यांना निदान त्या घराचा इतिहास तरी परत मिळावा.